न बुडालेला नाखवा

थियेस, १९ जुलै १९९४

बिरामदादा,

हे पत्र नुआदिबूच्या सिदी दुकानदाराच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. हाही रोखाया मावशीकडून मागून घेतला. म्हणजे माझं फ्रेंच सिदी वाचणार आणि तुला आपल्या वोलोफ भाषेत सांगणार. नऊ वर्षांनी बहीण बोलते, तीही परक्याच्या तोंडून. सिदीभाऊ, आपली ओळख नाही. जसं आहे तसं वाचा, आणि वाचून झालं की विसरून जा.

दादा, काल दुपारपासून याच कागदावर लिहिते आणि खोडते आहे. खाडाखोड बघून सिदीला वाटेल, ही कसली मास्तरीण!

जुलैत पोरांची बाकची परीक्षा असते, शाळेतली शेवटची. पेपरांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. आम्ही शिक्षक एका शाळेत जमतो आणि आठ दिवस लाल पेनाने पेपर तपासतो. या वर्षी फ्रेंचच्या पेपरात एक कविता दिली होती, तिच्यावर लिहा म्हणून. ती माझी निघाली. ‘रिकामी जागा’.

मी केंद्रप्रमुख बादियान सरांना म्हटलं, “मला हे पेपर नका देऊ. बरं दिसत नाही.”

ते पोट धरून हसले. “अहो तपासा की बाई! कवयित्रीला स्वतःच्या कवितेत किती मार्क पडतात, ते तरी कळू दे आम्हाला!”

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. आपल्या गेत न्दारच्या गल्लीतली कोळ्याची पोर, आणि तिच्या बारा ओळींवर देशभरची मुलं घाम गाळतायत.

कविता तू एकदाच ऐकलीस आणि तीही फ्रेंचमध्ये, म्हणून सांगते. नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर उत्तरेच्या वाऱ्याने होडी उलटते. नाखवा आणि त्याचे दोन मेहुणे जातात. मेहुण्यांची प्रेतं किनाऱ्याला लागतात, नाखव्याचं लागत नाही. घरी आई सगळ्यांना एका मोठ्या ताटाभोवती जेवायला बसवते आणि एका माणसाची जागा मोकळी सोडते. रोज. नाखव्याची धाकटी मुलगी, जिला तो ‘खेकडी’ म्हणायचा, ती एकदा त्या जागेतून हात घालते आणि चापट खाते. एवढंच.

काल दुपारी गठ्ठ्यातला चारशे सतरा क्रमांकाचा पेपर हातात आला. सुरुवात बरी होती, प्रतिमा, लय वगैरे. दुसऱ्या पानावर हे होतं. तोंडपाठ झालंय मला:

“माझे वडीलही गेत न्दारचे आहेत आणि तेही मला ‘खेकडी’ म्हणतात. वर्गात ही कविता शिकवली तेव्हा मी घरी जेवताना तिचा अर्थ त्यांना सांगितला. ते हात न धुता उठले आणि बाहेर जाऊन बसले. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, म्हणून ते जाळं पायाच्या अंगठ्यात धरून विणतात. त्या दिवशी त्यांना गाठ मारता येईना. नंतर म्हणाले, या बाईने वारा चुकीचा लिहिलाय. मला वाटतं, कवितेत मेलेली माणसं दुसरीकडे कुठेतरी जिवंत असू शकतात.”

दादा, बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं दोरात गेली होती, हे माझ्या कवितेत नाही. चार पुस्तकांत कुठेच नाही. मी ते कधी लिहिलंच नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, “पाणी देऊ का? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा.” मी त्या पेपरला मार्क दिले आणि गठ्ठा बांधून टाकला.

एकच विचारते. डाकारला तू त्या दिवशी म्हणालास, ते खरं होतं का? हो की नाही, एवढंच कळव.

किने

थियेस, ६ ऑगस्ट १९९४

बिरामदादा,

उत्तर नाही. तू रागावला असशील, किंवा सिदीने पत्र साबणाच्या खोक्यावर ठेवून दिलं असेल.

मी एक करू नये ते केलं. निकाल लागल्यावर परीक्षा कचेरीत गेले. तिथला कारकून माझा जुना विद्यार्थी. “अरे, समुद्रबाई! तुम्ही इकडे कुठे?” म्हणत उठून उभा राहिला. शाळेत मला मुलं याच नावाने ओळखतात. मी त्याला म्हटलं, चारशे सतरा कोण आहे, मला बघायचंय. तो कावराबावरा झाला. “मॅडम, नोकरी जाईल माझी.” पण नोंदवही माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला.

न्देला जेय. वय वीस. गाव काफुन्तीन, तिकडे दक्षिणेला कासामान्समध्ये. वडिलांचं नाव मासेक जेय.

मासेक जेय. आपल्या बाबांचं नाव मी आजवर फक्त माझ्याच पुस्तकांत छापलेलं पाहिलं होतं, ‘यांच्या स्मृतीस’ या शब्दांच्या वर. तिथे ते निळ्या शाईत होतं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, व्यवसाय मासेमारी. निकालाच्या रकान्याकडे मी पाहिलं नाही. उठले ती कुठल्या रस्त्याने घरी आले, आठवत नाही. टाचेला काच लागली होती, तेही घरी आल्यावर कळलं.

आता मी काय आहे, ते तूच सांग. होडी गेली तेव्हा सहा वर्षांची होते. तू होडीवर कामाला गेलास म्हणून मी फ्रेंच शाळेत गेले. डाकारच्या कॉलेजात गुरुजी म्हणाले, “जेय, तुला जे सर्वांत जास्त दुखतं ते लिही.” मी बाबा लिहिले. ते मासिकात आले, रेडिओवर आले, त्यांचं पुस्तक झालं. पुस्तकाने बक्षीस मिळवलं, बक्षिसाने या शाळेत कायमची नोकरी, आणि मग पाठ्यपुस्तकात पान त्रेसष्ट. चार पुस्तकं, चारही पाण्याची. एका समीक्षकाने लिहिलं होतं की, या कवयित्रीला एकच मृत्यू ठाऊक आहे, पण तो तिला पुरून उरला आहे. मी ते कात्रण पर्समध्ये ठेवून हिंडत असे.

आणि डाकारचा तो समारंभ. तू निळा झगा इस्त्री करून आला होतास, अंगाला डांबराचा वास येत होता. मी कविता म्हटली, टाळ्या झाल्या. तू सगळ्यांच्या देखत जवळ येऊन वोलोफमध्ये म्हणालास, “किने, तो बुडाला नाही. तो पळाला.”

मी पाहुण्यांकडे वळून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलले आणि ते हसले. काय बोलले, ते तुला कधीच कळलं नाही. आज सांगते. मी म्हणाले, “माझा भाऊ. लिहिता-वाचता येत नाही त्याला. दुःखाने थोडा डोक्यावर परिणाम झालाय.”

सिदीभाऊ, हे त्याला नीट सांगा. गाळू नका.

किने

थियेस, २५ ऑगस्ट १९९४

बिरामदादा,

तुझं पत्र आलं. अरबी अक्षरांत तुझ्या हातचं वोलोफ बघून मी पाचच मिनिटं उभी राहिले असेन, पण खजील झाले ती अजून आहे. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मी ज्याच्यावर जगाला हसवलं, त्याची चिठ्ठी माझ्या हातात, आणि ती वाचता न येणारी मी! आमच्या गल्लीत कुराणशाळेचे मोर गुरुजी आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा मनात वाचली आणि मग म्हणाले, “बाई, बसून ऐका.”

“होय. जिवंत आहे. आईने कुराणावर हात ठेवायला लावला होता, कुणाला सांगणार नाहीस म्हणून. ती गेल्यावर सांगितलं. तू लोकांना हसवलंस. काय बोललीस ते आता कळलं, पण हसू तेव्हाच कळलं होतं. काफुन्तीनला जाऊ नकोस.”

त्याच दिवशी मी आपल्या गावाची, सेंट-लुईची गाडी पकडली. रोखाया मावशी पायरीवर मासे साफ करत बसली होती. मी सलाम न करताच म्हटलं, “मावशी, बाबा जिवंत आहेत.”

तिने सुरी थांबवली नाही. “आहे ना. गेल्या वर्षी डोळ्याला मोतीबिंदू झाला म्हणे त्याच्या.”

दादा, मी खाली बसले, तिथल्या त्या माशांच्या पाण्यात.

“तुला माहीत होतं?”

“मला कशाला, अख्ख्या गेत न्दारला माहीत आहे. आपल्या होड्या दर हंगामाला तिकडे खाली जातात. त्याच्याकडे चहा पिऊन येतात पोरं.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“लहान होतीस तेव्हा तुझ्या आईने तोंडं बंद केली होती सगळ्यांची. मोठी झालीस तेव्हा तू छापून टाकलंस. सरकारने बक्षीस दिलं, मंत्री आले, गळ्यात हार पडला. आम्ही म्हटलं, शिकलेल्या लोकांत तो मेलेला असतो वाटतं.” मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “आणि माझे दोन भाऊ गेले त्या होडीत, किने. खरेखुरे. त्यांच्यावर तू किती ओळी लिहिल्यास?”

दोन. बारांपैकी दोन. मी मनात मोजल्या.

रेडिओवर कविता लागली की आई भांडी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसायची, हेही मावशीने सांगितलं. एक अक्षर कळत नव्हतं तिला. संपली की म्हणायची, “छान बोलते माझी पोर.”

मी विचारलं, मग तो का गेला? मावशी म्हणाली, “त्या दिवशी तुला मीच पुलापलीकडे नेलं होतं सांभाळायला. मी दारात नव्हते. त्यालाच जाऊन विचार.”

तू जाऊ नकोस म्हणालास. मी परवा निघते आहे.

किने

थियेस, ११ सप्टेंबर १९९४

बिरामदादा,

मी त्याला भेटले.

झिगँशोरपर्यंत जहाज, पुढे गाडी. तिकडे बंड चालू आहे, म्हणून वाटेत सैनिकांनी तीनदा उतरवलं. कार्डावर ‘शिक्षिका’ वाचून एकाने विचारलं, “नापास झालेल्या पोराला समजवायला निघालात का मॅडम?” मी कार्ड घेऊन घाईने गाडीत चढले. का, ते पुढे सांगते.

किनाऱ्यावर मासे धुरावण्याच्या भट्ट्या आहेत, त्यांच्या पलीकडे ओढून ठेवलेल्या होड्या. एका होडीच्या सावलीत एक म्हातारा अंगठ्यात जाळं धरून गाठी मारत होता. चेहरा मला ओळखता आला नसता. हात ओळखला. वाटभर मनात घोकलेलं वाक्य विसरले आणि तोंडातून फ्रेंच बाहेर पडलं, “बोंझूर, मस्यू.”

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. “मस्यू कोण? सरकारी आहेस का?”

“किने,” म्हटलं. “गेत न्दारची किने.”

त्याची सुई थांबली. रडेल, पाया पडेल, पळून जाईल, काय काय वाटलं होतं मला. तो म्हणाला, “उत्तरेचा वारा लिहिलास तू.”

“काय?”

“त्या कवितेत. पोरीने सांगितलं मला. उत्तरेचा वारा सुटला आणि होडी उलटली म्हणे. अगं, उत्तरेच्या वाऱ्यात मी दांडा ओलांडला असता का? गाढव समजलीस मला? शाळेशाळेतून पोरं शिकतायत की मासेक जेयला वारा कळत नव्हता!”

दादा, मी त्या वाळूत उभी राहून हसले. हसू थांबेना. त्याने मला हाताला धरून खाली बसवलं, तीन बोटांनी. मग हळूहळू बोलला. जसं बोलला तसं लिहिते.

“वारा पश्चिमेचा होता, हलका. दोन मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या होत्या. तुझा धाकटा मामा म्हणाला, चल आता, बाजार गाठायचाय. मी होडी घातली. नाखवा मी होतो, तो नव्हता. तिसऱ्या लाटेने आडवी केली. मी खाली दक्षिणेला वाहत गेलो. एका वस्तीतल्या लोकांनी काढला, दोन दिवस तापात होतो. तिसऱ्या दिवशी चालत घरी आलो, तर गल्लीत चटया टाकलेल्या, तुझ्या मामांच्या नावाने भाकरी वाटत होते. मला बघून माणसं उठली. कुणी म्हणालं, अल्लाची कृपा. तुझी आई दारात आली. म्हणाली, ‘माझे दोघे कुठे आहेत?’ मी काय सांगणार? म्हणाली, ‘ते आले की ये.’ आत गेली. आतून कडी लागली. मी उंबऱ्यावर बसलो. एक नमाज झाली, दुसरी झाली. सगळी गल्ली बघत होती. दार काही उघडलं नाही. मग उठलो.”

“परत का नाही आलात?”

“ज्या दाराने मला जिवंत घेतलं नाही, तिथे पुन्हा कशाला जाऊ?” जाळ्याची एक गाठ आवळून म्हणाला, “दोनदा आलो होतो. पुलापर्यंत.”

मी आजवर आईच्या त्या मोकळ्या जागेवर जगले. ती जागा तिनेच केली होती, स्वतःच्या हाताने कडी घालून! आणि मला चापट मारली होती तिथून हात घातला म्हणून. मला तिचा इतका राग आलाय की तिचं नाव लिहवत नाही.

आता ते दुसरं. भट्टीकडून एक मुलगी डोक्यावर टोपलं घेऊन आली. त्याने हाक मारली, “खेकडी!” मी वळले, दादा. एकोणचाळिसाव्या वर्षी, चार पुस्तकं लिहून, मी वळले. हाक तिला होती.

न्देला. आपली बहीण. मला ओळखून तिने टोपलं खाली टाकलं. “मॅडम, पाठ्यपुस्तकात फोटो आहे तुमचा! मी तुमच्याच कवितेवर लिहिलं होतं बाकला.” मग मान खाली घालून म्हणाली, “पण नापास झाले. फ्रेंचमध्ये तीन मिळाले. वीसपैकी.”

ते तीन मी दिले होते.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, मार्क दिले आणि गठ्ठा बांधला. दुसऱ्यात लिहिलं, निकालाचा रकाना पाहिला नाही. पाहिला होता. माझी सतरा वर्षांची नोकरी झाली, त्या पेपरला कुणीही बारा दिले असते. बोटांचं वाचेपर्यंत मला नुसता धक्का बसला होता. पण ‘तेही मला खेकडी म्हणतात’ हे पुन्हा वाचलं आणि माझ्या हाताने समासात लिहिलं, ‘विषय सोडून’, आणि खाली तीन. कोणाची पोर आहे, तिचं वर्ष जाईल, काही मनात आलं नाही. त्या क्षणी मी सहा वर्षांची होते आणि माझं काहीतरी कुणीतरी पळवलं होतं.

बाबा म्हणाला, “हिला घेऊन जा तुझ्याकडे. इथे राहिली तर धूर खात बसेल.” मी घेऊन आले. तिला अजून सांगितलेलं नाही.

किने

थियेस, २३ ऑक्टोबर १९९४

बिरामदादा,

तुझं काही उत्तर नाही. मीच लिहिते.

मी परीक्षा कचेरीला कळवलं की, अमुक पेपर मी रागाच्या भरात आणि अन्यायाने तपासला. कारकुनाचं नाव घेतलं नाही. त्यांनी बोलावलं. तिघे साहेब समोर. एकाने विचारलं, “मॅडम, हे तुम्ही तोंडी सांगितलं असतं तर आम्ही न ऐकल्यासारखं केलं असतं. लेखी कशाला दिलंत?” निकाल बदलत नाही, तसा नियम नाही. मला पाच वर्षं पेपर तपासण्यातून काढलंय. मुख्याध्यापक आता माझ्याशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलतात. पाठ्यपुस्तकवाल्यांना मी लिहिलं की पान त्रेसष्ट काढा, तो माणूस जिवंत आहे. त्यांचं उत्तर आलं की नवी आवृत्ती छापून झाली आहे, आणि वडिलांना दीर्घायुष्य लाभो.

न्देलाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून निवडतच राहिली. दोन दिवस “हो मॅडम, नाही मॅडम” याशिवाय बोलली नाही. मला वाटलं, सामान बांधून निघेल. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, “मी त्या पेपरात लिहिलं, ते सगळं खरं होतं ना?”

“हो.”

“मग ते तीन तरी कशाचे दिलेत?”

मला खोटं सुचेना. “अक्षराचे,” म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग एकदम फिसकन हसली, तोंडातला भात सांडला. “बाबांना कळलं ना, तर तुम्हाला होडीत घालून दांड्यावर सोडून येतील. ताई.” ताई म्हणाली, दादा. हसता हसता रडलीही. वाया गेलेल्या वर्षाचं दुःख आहेच तिला, रात्रंदिवस पुस्तकात डोकं असतं. वर्गात माझ्याच समोर बसते आणि सगळ्यांत अवघड प्रश्न तीच विचारते.

लिहिणं बंद आहे. कागद घेतला की पाणी येतं आणि पाण्यावर आता विश्वास नाही.

दर वर्षी या महिन्यात मी आईच्या कबरीवर जायचे. या वर्षी गेले नाही. जाणारही नाही. जिने नवऱ्याला दारातून हाकललं आणि लेकीला आयुष्यभर त्याचं सुतक पाळायला लावलं, तिला मी काय सांगू तिथे जाऊन?

किने

(बिरामदादाचं पत्र. अरबी अक्षरं न्देलाला येतात. तिने वाचलं, मी लिहून घेतलं.)

नुआदिबू, ८ नोव्हेंबर

किने,

सिदीने तुझी मागची दोन्ही पत्रं वाचली. दुसऱ्याच्या शेवटी तो थांबला आणि म्हणाला, उरलेलं उद्या वाचतो. मी म्हटलं, आत्ता वाच.

आईच्या कबरीवर जा.

कडी तिने घातली नाही. ती ‘ते आले की ये’ म्हणाली, आत आली आणि चटईवर कोसळली. ओढणीचा बोळा तोंडात घालून रडत होती. दार नुसतं ढकललेलं होतं. मी तेरा वर्षांचा होतो. धाकटा मामा त्या हंगामात मला पहिल्यांदा होडीवर नेणार होता, वल्हं पण तासून ठेवलं होतं त्याने माझ्या मापाचं. मी उठलो आणि कडी घातली.

बाहेरून हाक आली. आईला नाही, मला. “बिराम, दार उघड.” दोनदा. आवाज मोठा नव्हता. आईने ऐकलं. ती म्हणाली, “उघड रे.” मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. तिच्यात उठायचं बळ नव्हतं. ती रांगत आली, माझा पाय धरून ओढला. मी हललो नाही. मला वाटत होतं, बसेल तो बाहेर, थोडं सोसू दे त्याला. संध्याकाळी उघडलं तेव्हा उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

आईने माझा हात कुराणावर ठेवला तो तिच्यासाठी नाही. लोक म्हणतील बायकोने हाकललं, म्हणू दे. पोराने बापाला दार लावलं, असं कुणी म्हणू नये, म्हणून. बावीस वर्षं गल्लीचे टोमणे तिने खाल्ले आणि माझं नाव घेतलं नाही. त्या मोकळ्या जागेच्या समोर मी बसायचो. तू बाजूला असायचीस.

डाकारला मी ‘पळाला’ म्हणालो, ते खोटं होतं. खरं सांगायलाच आलो होतो. तोंडाशी आलं आणि ते निघालं. तू हसवलंस तेव्हा मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण मग पुढचं सांगावं लागलं नाही.

त्याने तुला सांगितलं की आईने कडी घातली. म्हणजे त्याला अजून तसंच वाटतं. किंवा त्याला माहीत आहे आणि त्याने तुला माझं नाव सांगितलं नाही. हे दोन्ही मला सहन होत नाही.

शुक्रवारी मालाचा ट्रक खाली दक्षिणेला येतोय, त्यात बसतोय. थियेसला उतरतो. पुढे तू आणि ती धाकटी माझ्याबरोबर चला. त्याच्या दारात मला एकट्याने उभं राहता येणार नाही.

बिराम